नव्या सिस्टरचं पहिलं वर्ष कोणाच्या गळ्यात?

माझ्या भाचीचा बीएस्सी नर्सिंगचा रिझल्ट लागून सहा महिने होत आले आणि ती अजून घरी आहे. गावात कोणाकडे हळदीकुंकवाला गेलं, सत्यनारायणाला गेलं की पहिला प्रश्न हाच, "चेडवाक नोकरी गावली काय गो?" नाही म्हटलं की समोरच्या बाईला खरंच वाटत नाही, कारण तिने आयुष्यभर हेच ऐकलेलं असतं की सिव्हिलला स्टाफ नाही, ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच सिस्टर होती, शेवटी पेशंट गोव्याच्या मेडिकल कॉलेजला, बांबोळीला न्यावा लागला. मग नर्स झालेली मुलगी घरात बसून काजू बी फोडतेय हे कसं? तिचं आश्चर्य बरोबर आहे. नर्स पाहिजेत हे पण खरं आणि नर्सला नोकरी नाही हे पण खरं, आणि या दोन खऱ्याच्या मधे नेमकं काय अडकलंय ते मला सांगायचंय, कारण मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे.

मी २०११ ला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पास झाले. आधी इकडेच तालुक्याच्या गावी एका छोट्या हॉस्पिटलमधे, मग सहा-सात वर्षं मुंबई, मग लग्न, मग सासूबाईंचं आजारपण आणि परत सिंधुदुर्ग. आता एका तीस बेडच्या हॉस्पिटलमधे इन्चार्ज आहे. म्हणजे नवीन मुली इंटरव्ह्यूला येतात तेव्हा डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर मी असते, आणि लाज वाटते सांगायला, पण "अनुभव आहे का?" हा प्रश्न मीच विचारते. मुलगी नाही म्हणते, डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी मान हलवते, आणि आम्ही "कळवतो" म्हणतो. कोणी कळवत नाही. गेल्या वर्षी अशा किती जणींना मी परत पाठवलं ते मोजलं नाही, पण भाची घरी बसल्यावर त्यातले दोन-तीन चेहरे आठवायला लागले.

का परत पाठवते? कारण मला संध्याकाळच्या ड्युटीला एक स्टाफ कमी असतो आणि मला अशी मुलगी पाहिजे असते जिला आल्या आल्या आठ पेशंट देता येतील. फ्रेशरला तीन महिने कोणाच्या तरी बरोबर ठेवावं लागतं आणि बरोबर ठेवायला माझ्याकडे जास्तीचं माणूस नाही. एवढं साधं आहे. मुलींना काही येत नाही, कॉलेजं पैसे घेऊन डिग्र्या वाटतात वगैरे जे बोललं जातं ते मला अर्धंच पटतं. पुस्तकातलं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येतं. ड्रग कॅल्क्युलेशन विचारा, ॲसिड-बेस विचारा, पटापट सांगतील. येत नाही ते हाताचं. कागदावर एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असा हिशोब असतो, प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी एका पेशंटभोवती पंधरा मुली उभ्या असतात, त्यातली एक बीपी घेते आणि बाकीच्या चौदा जणी वहीत लिहितात. प्रोसिजरची वही मात्र सगळ्यांची भरलेली. आता अशा मुलीला म्हाताऱ्या माणसाच्या हातात, उन्हात वाळलेल्या आणि दोरीसारख्या पळणाऱ्या शिरेत सुई घालायला सांगितली तर ती कशी घालणार? मला तरी कुठे आली होती.

माझी गोष्ट सांगते. नोकरी लागून नऊ दिवस झाले होते आणि नाईट लावली, अठरा बेड, एक मी आणि एक मावशी. (भाची मला मावशी म्हणते आणि वॉर्डात मावशी म्हणजे झाडू-पोछा, बेडपॅन बघणारी बाई, त्यामुळे घरी हाक मारली तरी मी अजून एकदा दचकते.) डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचे, इकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांसारखंच, खाली हॉस्पिटल वर घर. पावसाळ्याचे दिवस, रात्री दीडच्या सुमाराला रिक्षातून एका माणसाला आणलं, भातशेतीच्या मेरेवर (बांधावर) काहीतरी चावलं होतं, पाय सुजलेला आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. मी डॉक्टरांना फोन लावला आणि नुसती उभी राहिले. खरंच सांगते, पुस्तकातलं सगळं पान डोळ्यासमोर होतं आणि हात हलत नव्हता. तेव्हा त्या मावशीने, जिने कसलाही कोर्स केला नव्हता पण एकोणीस वर्षं तिथे काढली होती, मला काचेची कोरडी टेस्ट ट्यूब आणून दिली आणि म्हणाली, रक्त काढ, यात घाल, वीस मिनटा हात लावू नको. वीस मिनिटांनी ट्यूब आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे घोणस नाहीतर फुरसं. तोपर्यंत डॉक्टर खाली आले होते, सलाईनमधे एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल गेल्या, शेजारी ॲड्रिनलिन भरून ठेवलं कारण एएसव्हीची रिॲक्शन येऊ शकते, आणि सकाळी तो माणूस चहा मागत होता.

त्या मावशीला पेशंटला हात लावायचा कायद्याने काडीचा अधिकार नव्हता हे मला आज चांगलं समजतं. तिला जे माहीत होतं ते मला साडेतीन वर्षांत कोणी हातात धरून शिकवलं नव्हतं हे पण तितकंच खरं. आणि हे दोन्ही एकत्र गिळणं मला अजून जड जातं, कारण पुढे वाचाल तर कळेल की अशाच अनट्रेन्ड बायकांमुळे नव्या मुलींच्या जागा जातात असं मी म्हणणार आहे.

तिथे मी चौदा महिने होते. सापाचे, विंचवाचे, लेप्टोचे, अडलेल्या बाळंतिणीचे, भाजलेले, झाडावरून पडलेले, सगळे पेशंट पाहिले. मग मुंबईला गेले तर एचआरच्या माणसाने विचारलं, किती बेडचं हॉस्पिटल? अठरा. मग ते अनुभवात धरत नाही म्हणाला. मला फ्रेशर म्हणूनच घेतलं आणि फ्रेशरचाच पगार दिला. हे काही त्या एका माणसाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. आजही एम्सची जी नर्सिंग ऑफिसरची कॉमन परीक्षा असते, नॉरसेट, तिच्यात जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा लागतो. बीएस्सीवाल्यांना ही अट नाही, त्यांचं नशीब. आता तुम्ही सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत एसटीने या, वाटेत लागणारी खासगी हॉस्पिटलं मोजा, आणि त्यातली पन्नास बेडवाली किती ते सांगा. ओरोसला, रत्नागिरीला, डेरवणला, पडव्याला मोठी आहेत, चिपळूणला काही असतील, बाकी सगळी दहा, पंधरा, वीस. म्हणजे कोकणातली जीएनएम मुलगी आपल्या तालुक्यात दहा वर्षं राबली तरी दिल्लीच्या हिशोबात ती शून्य अनुभवाची.

आणि इथल्या अनुभवाची किंमत काय असते ते सगळ्या जगाला महाडने एकदा दाखवलेलं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर जे काम केलं, प्राझोसिन या औषधाने मृत्यू किती कमी झाले, ते काही मुंबईच्या हजार बेडच्या हॉस्पिटलमधे झालेलं नाही, ते बिरवाडी-महाड भागातल्या छोट्या दवाखान्यात, खाटेशेजारी रात्र-रात्र बसून झालं आणि १९८२ पासून लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. डॉक्टरच्या बाबतीत आपण हे कौतुकाने सांगतो. तिकडे शेजारी नर्सिंग करणारं माणूस असेलच ना? त्याचा अनुभव मात्र बेड मोजून ठरवायचा. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माकडताप आहे, तिथल्या पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) सिस्टर ताप बघून, डोळे बघून, काजूच्या बागेत गेला होतास काय विचारून जे ओळखते ते पंचतारांकित आयसीयूतली कशी ओळखणार? पण पीएचसीला सहा खाटा.

आता पगार. भाचीला तीन ठिकाणी सांगितलेले आकडे मला माहीत आहेत, एकाने सात हजार, एकाने नऊ, आणि एकाने "आधी तीन महिने शिका, मग बघू". चार वर्षांत तिच्या बापाने फी, होस्टेल, युनिफॉर्म, पुस्तकं धरून चारेक लाख घातलेत, त्यातले काही पतपेढीचे. लोकांना वाटतं पगाराबाबत काही नियमच नाही. तसं नाही, कोणीतरी सांगून ठेवलंय. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने २९ जानेवारी २०१६ ला केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितली आणि त्या समितीने म्हटलं की ५० पेक्षा कमी बेडचं हॉस्पिटल असलं तरी महिन्याला २० हजारापेक्षा कमी द्यायचे नाहीत, ५० ते १०० बेड असतील तर सरकारी पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी आणि २०० च्या वर सरकारी एवढाच. बघा, २०१६ चा २० हजार. केरळात नर्सेसनी संप केले, रस्त्यावर बसल्या, लाँग मार्चची तयारी केली, तेव्हा एप्रिल २०१८ मधे तिथल्या सरकारने किमान वेतन काढलं आणि नर्सचा किमान पगार २० हजार केला. आपल्याकडे हा कागद आहे हेच पुष्कळ सिस्टरना माहीत नाही, मला स्वतःला मुंबईत एका मल्याळी मैत्रिणीने सांगितला.

पण मी आता इन्चार्ज आहे त्यामुळे समोरची बाजू न सांगता गेले तर ते खोटं होईल. आमच्या डॉक्टरांना मी हा कागद दाखवला. ते म्हणाले, वीस हजार देतो, तू मला सांग ही मुलगी किती दिवस राहील. मला उत्तर देता आलं नाही, कारण मला माहीत होतं. सहा महिन्यात हात बसतो, आठव्या महिन्यात ती मुंबई-पुण्याला नाहीतर गोव्याला जाते, दहाव्या महिन्यात मी परत इंटरव्ह्यूला बसते. म्हणजे शिकवायचा खर्च छोट्या हॉस्पिटलने करायचा आणि तयार माल मोठ्या हॉस्पिटलने न्यायचा. म्हणून मग छोटा डॉक्टर काय करतो, गावातलीच दहावी-बारावी झालेली, सहा महिन्याचा कसला तरी कोर्स केलेली मुलगी घेतो, ती लग्न होईपर्यंत कुठे जात नाही, पाच हजारात राहते, आणि पांढरा ड्रेस घातला की पेशंटला ती सिस्टरच. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात क्वालिफाइड नर्सेसचं योग्य प्रमाण असलं पाहिजे असं म्हटलेलं आहे. मग काही ठिकाणी काय चालतं तर नोंदणी असलेल्या एखाद्या सिस्टरचं सर्टिफिकेट फाइलला आणि ती स्वतः दुसऱ्याच गावात. हे मी कुठल्या एका ठिकाणाबद्दल म्हणत नाही, आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग हसेल.

सर्टिफिकेटवरून आठवलं. माझ्या पहिल्या हॉस्पिटलने ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घेतली होती, दोन वर्षांचा बॉण्ड, सोडायचं असेल तर पंचवीस हजार. माझा पगार साडेचार हजार. चौदाव्या महिन्यात वडिलांनी एका आंब्याच्या बागेचे कराराचे पैसे आगाऊ घेऊन माझे कागद सोडवून आणले, सावकाराकडून दागिना सोडवावा तसे. त्याच २०११ साली मुंबईत नर्सेस बॉण्डच्या विरोधात संपावर गेल्या होत्या, मी पेपरात वाचत होते आणि माझे कागद त्यांच्या कपाटात होते. छोट्या डॉक्टरची अडचण मला समजते असं मी आत्ताच म्हटलं, पण ही पद्धत मला कधीच समजणार नाही. मुलगी पळते म्हणून तिला बांधून ठेवायचं, आणि बांधून ठेवता येतं म्हणून पगार वाढवायचा नाही.

सरकारचं काय मग? सगळ्या आई-बापांचं स्वप्न तेच, परमनंट. परमनंट अधिपरिचारिकेचा पगार ३५,४०० पासून सुरू होतो, वर भत्ते. त्याच वॉर्डात, तेच पेशंट, तीच नाईट करणारी एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी सिस्टर २० हजारावर, दर वर्षी ऑर्डर रिन्यू होते की नाही या धाकात. भरती निघते तेव्हा निघते. वैद्यकीय शिक्षण विभागाची मोठी भरती २०२३ ला झाली, तेव्हा आमच्याकडच्या दोघी अभ्यास करून लागल्या, एक तिकडे मराठवाड्यात गेली, एक मुंबईत. मधल्या काळात जागा एजन्सीकडून भरायचा विषय येतो. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्यात ही कंत्राटी भरतीच मुख्य मुद्दा होती. माझ्या दोन मैत्रिणी त्यात होत्या आणि तेव्हा व्हॉट्सॲपवर लोक त्यांना पेशंट सोडून बसलात म्हणून शिव्या घालत होते, हेच लोक १२ मे ला मेणबत्तीचा फोटो टाकून हॅप्पी नर्सेस डे करतात.

ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, नंतर रत्नागिरीला आलं, तेव्हा मला वाटलं होतं आता तरी इकडच्या मुलींची सोय होईल. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांची इंटर्नशिप ठरलेली, एक वर्ष, स्टायपेंड, वर सीनियर, त्यांच्या चुका सांभाळायला रेसिडेंट. एमबीबीएस झालेल्या पोराला कोणी विचारत नाही तुला अनुभव आहे का, कारण सगळ्यांना मान्य आहे की नव्या डॉक्टरला एक वर्ष कोणीतरी हात धरून चालवलं पाहिजे आणि ते काम सरकारी हॉस्पिटलचं. नर्सच्या बाबतीत हेच कोणाला का मान्य नाही? नवीन बीएस्सी सिलॅबसमधे आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप आहे, पण ती शिक्षणातली इंटर्नशिप, नोंदणीच्या आधीची, मुलगी अजून विद्यार्थीच, जबाबदारी तिच्या नावावर नसते. कॉलेज म्हणतं आम्ही शिकवलं, हॉस्पिटल म्हणतं आम्हाला तयार पाहिजे, सरकार म्हणतं भरती निघाली की फॉर्म भरा. नोंदणी झाल्यानंतरचं पहिलं वर्ष, जेव्हा हात तयार होतो, ते कोणाच्याच खात्यात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते सरकारने आपल्या खात्यात घ्यावं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी झाली की जिल्ह्यातल्या मुलीला आणि मुलाला त्याच जिल्ह्यातल्या सिव्हिलला, उपजिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयात एक वर्षाची पगारी नेमणूक, सहा महिने मोठ्या ठिकाणी आणि सहा महिने छोट्या, आणि शेवटी असं सर्टिफिकेट की जे एम्सपासून खासगीपर्यंत सगळ्यांना अनुभव म्हणून धरावंच लागेल, बेड न मोजता.

पैसे कुठून, हा प्रश्न येणारच. २०२४ ला राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, त्यात कुठल्याही शाखेच्या पदवीधराला सहा महिने महिना १० हजार विद्यावेतन सरकारनेच देऊ केलं. आमच्या वाडीतला बीकॉम झालेला पोरगा ग्रामपंचायतीत बसून आधार कार्डं लिंक करत होता, त्याला दहा हजार मिळाले, त्याचं मला वाईट वाटत नाही, मिळू देत. पण तिथे पैसे आहेत तर वॉर्डात का नाहीत? दहाच्या जागी वीस द्या आणि सहा महिन्याच्या जागी वर्ष करा. कोकणातून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या नर्सेस काही लाखांत नाहीत. छोट्या हॉस्पिटललाही यात घेता येईल, अर्धा पगार सरकारचा अर्धा डॉक्टरचा, अट एवढीच की नोंदणी असलेली एक सीनियर तिथे खरोखर हजर पाहिजे, फाइलमधे नव्हे. मग आमच्या डॉक्टरांचा "शिकवायचं मी आणि नेणार दुसरा" हा मुद्दा पण अर्धा तरी सुटतो.

संपावर गेलेल्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती भडकली. म्हणाली तू सरकारला आणखी स्वस्त मजूर आणून देतेस, दर वर्षी नवीन मुली येतील, परमनंट जागा भरायचीच गरज नाही राहणार, शिक्षणसेवकांचं काय झालं बघितलंस ना. तिचं म्हणणं मी सहज उडवून लावू शकत नाही, भीती खरी आहे. म्हणून माझी एक अट यात घट्ट पाहिजे, की ही पहिल्या वर्षाची मुलगी स्टाफच्या मोजणीत धरायची नाही. जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स हा सरकारचाच जुना निकष आहे, तो परमनंट स्टाफवर मोजायचा, नवीन मुलगी त्याच्या वर, जास्तीची. आणि तिला एकटीला नाईट लावायची नाही, निदान पहिले चार महिने. ही अट गेली तर माझी मैत्रीण बरोबर आणि मी चूक, मग ही योजना न आलेलीच बरी.

मुलगे नर्सिंगला येतात त्यांचं तर आणखी वेगळं. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा बायकांना आणि २० पुरुषांना, आणि इकडे खासगीत ब्रदर पाहिजे म्हणजे बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरला, नाहीतर ॲम्ब्युलन्सबरोबर कोल्हापूरला, बांबोळीला जायला. भाचीच्या बॅचमधला एक हुशार मुलगा आता मेडिकल स्टोअरमधे गोळ्या विकतोय.

परदेशाचं पण बोलायला हवं कारण घराघरात तेच चाललंय. आखातात जायला साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे परत पहिली नोकरी हवीच. फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस पण आहेत, भाषा शिकवायची सोय करायचं पण ठरलं. चांगलं आहे, ज्यांना जायचंय त्यांनी जावं, मी अडवणारी कोण, कोकणातला माणूस शंभर वर्षं मुंबईच्या गिरणीत जातच होता, आता जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास होऊन जर्मनीला जाईल. पण मला गंमत वाटते ती ही की मुलीला जर्मन म्हाताऱ्यांपर्यंत पोचवायला सरकारकडे योजना आहे आणि तिला मालवणी म्हाताऱ्यांपर्यंत पोचवायला नाही. आमच्या गावात प्रत्येक चार घरांमागे एका घरात नुसतं म्हातारा-म्हातारी आहेत, पोरं ठाण्याला, डोंबिवलीला, शुगरचं इंजेक्शन देणारं कोणी नाही. काम ढीगभर पडलेलं आहे, नेमणूक नाही.

आणि ज्या बारीक गोष्टींवर मुली नोकरी सोडतात त्या कुठल्याच जीआरमधे नसतात. संध्याकाळची ड्युटी रात्री आठला संपते, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ, आमच्या गावाची शेवटची एसटी सातची. म्हणजे खोली घ्यायलाच लागते, नऊ हजारातले अडीच गेले, डबा दोन हजार, उरलेल्यात घरी काय देणार. रात्री वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी) मिळतं पण एकट्या मुलीला त्यात बसवायचं कोणाच्या जिवावर? हॉस्पिटलने आठ मुलींसाठी एक खोली भाड्याने घेतली तर अर्ध्या मुली टिकतील हे मी आमच्याकडे करून बघितलंय, दुसऱ्या मजल्यावरची खोली, चार खाटा, एक गॅस, तेव्हापासून कोणी सहा महिन्यात गेली नाही, फक्त एक गेली तिचं लग्न ठरलं. दुसरं म्हणजे गणपती. नवीन स्टाफला गणपतीत रजा नाही हा सगळीकडचा नियम, कारण चाकरमानी येतात, अपघात वाढतात, जुलाब-उलट्या वाढतात, आणि सीनियर आपापल्या घरी. कोकणातल्या मुलीला गणपतीत घरी सोडायचं नाही म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळणार. मी दीड दिवसाची पाळी लावते, फ्रेशरला पण, चतुर्थीला नाहीतर गौरी जेवणाला. त्यासाठी मला स्वतःला दोन वर्षं गौरीला वॉर्डात राहावं लागलं आणि सासूबाई बोलल्या, पण चालायचंच.

गेल्या महिन्यापासून मी इंटरव्ह्यूला तो प्रश्न बदललाय. "अनुभव आहे का" विचारत नाही, "कुठे कुठे पोस्टिंग झालं आणि स्वतःच्या हाताने काय काय केलंस, खरं सांग" असं विचारते. पहिली मुलगी रडायलाच आली, म्हणाली मॅडम तीन वेळा आयव्ही (सलाईनची सुई) लावली, त्यातली एक बाहेर गेली. मी डॉक्टरांना म्हटलं हिला घेऊया, ही खोटं बोलत नाही. तिला घेतलंय, पंधरा हजारावर, वीस पर्यंत मला डॉक्टरांना आणता आलं नाही. पहिले तीन महिने ती माझ्याबरोबर मॉर्निंगला आहे आणि त्यामुळे मला रोज दोन वाजता सुटायच्या जागी चार होतात, हा खर्च पण कोणाच्या खात्यात नाही.

भाचीला माझ्याकडे घेता येत नाही, इन्चार्जच्या नात्यातली म्हणून बाकीच्या बोलतील. तिला काल चिपळूणकडून एक फोन आला, बरं हॉस्पिटल आहे म्हणतात, बेड पन्नासच्या वर आहेत हे तिने पहिलं विचारून घेतलं, हुशार आहे. पगार आल्यावर सांगू म्हणाले आणि येताना ओरिजिनल घेऊन या म्हणाले. मी तिला झेरॉक्सचे दोन सेट काढून दिलेत आणि ओरिजिनल माझ्या कपाटात ठेवलीत. सोमवारी तुतारी एक्सप्रेसने जातेय.